वारुळाचा कुंभार

गेल्या महिन्यात एका व्याख्यानमालेच्या पत्रिकेचा मसुदा मला व्हॉट्सअ‍ॅपवर आला. 'सर, नाव-विषय एकदा बघून घ्या, मग छापायला टाकतो.' वर गणपती, खाली सराफाची आणि पतसंस्थेची जाहिरात, मधे पाच दिवसांचे पाच वक्ते. तिसऱ्या दिवशी मी. विषय : 'ईश्वर आणि तर्क (उत्तरार्ध)'. नावात चूक नव्हती. माझी नजर अडकली ती तळाच्या ओळीवर. एरवी तिथे 'कार्यक्रम वेळेवर सुरू होईल' ही थाप छापलेली असते. यंदा तिथे नवी ओळ होती : 'व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे होणार नाहीत.'

ती ओळ माझ्या गेल्या वर्षीच्या व्याख्यानामुळे आली आहे. त्यामुळे तिच्याबद्दल बोलणे मला भाग आहे, आणि फोनवर चार वाक्यांत सांगून भागेल असे ते नाही.

झाले ते असे. मी आस्तिक माणूस. नोकरी बँकेत केली, पण तिशीत न्यायदर्शनाचे वेड लागले आणि एका वृद्ध शास्त्रीबुवांकडे दहाएक वर्षे रविवार सकाळ घालवून जे पदरात पडले त्यावर आता निवृत्तीनंतर कुठेकुठे बोलतो. न्यायदर्शन ईश्वर अनुमानाने सिद्ध करू पाहते. घट हे कार्य आहे, त्याला कर्ता असतो. पृथ्वी, अंकुर वगैरेही कार्ये आहेत. म्हणून त्यांनाही कर्ता हवा. हा त्याचा गाभा. गेल्या वर्षी मी तो रंगवून सांगितला. कुंभाराचे चाक आणले, माउलींचे नाव घेतले, आणि शेवटी आवाज जरा चढवून म्हणालो, "ज्याने शून्यातून हे सारे निर्माण केले, त्याचा शोध म्हणजेच तर्काची परिसीमा!" टाळ्या पडल्या. अशा वाक्यांना पडतातच.

मग मागच्या रांगेतून एक गृहस्थ उठले. पंचाहत्तरीचे, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. (हे मला नंतर कळले.) चिठ्ठीबिठ्ठी न देता सरळ म्हणाले, "सर, कुंभार माती करत नाही. माती आणतो आणि मडकं करतो. तुमच्या देवानं माती कुठून आणली? आणि शून्यातून केलं म्हणत असाल, तर मग कुंभाराचा दाखला कशाला दिलात? शून्यातून मडकं करणारा कुंभार मी तरी पाहिलेला नाही." लोक हसले. ते थांबले नाहीत. "दुसरं, एकच कुंभार कशावरून? धरणाला हजार माणसं लागतात."

मी तोंड उघडण्याआधीच अध्यक्षांनी माईक ओढला. "हे श्रद्धेचं व्यासपीठ आहे. वादविवादासाठी दुसरी ठिकाणं आहेत. आपण बसून घ्यावं." गृहस्थ क्षणभर उभे राहिले, मग बसले. मला शाल-श्रीफळ मिळाले. पसायदान झाले. मी काहीही बोललो नाही. त्या न बोलण्याची लाज मला वर्षभर पुरली आहे.

लाज दोन कारणांची. एका माणसाला माझ्यासमोर गप्प बसवले, हे एक. पण दुसरे कारण जास्त बोचणारे आहे : तो बरोबर होता आणि मी चूक. न्यायदर्शनात ईश्वर शून्यातून काहीच निर्माण करत नाही. परमाणू नित्य आहेत, आत्मे नित्य आहेत; ईश्वर हे जगाचे निमित्तकारण, उपादानकारण नव्हे. म्हणजे कुंभारासारखाच, माती आधीपासून आहे. हे मला पाठ होते. तरी टाळ्यांच्या लोभाने मी दोन वेगळ्या देवांची सरमिसळ केली, एक नैयायिकांचा आणि एक सर्वशक्तिमान शून्यजनक, आणि सभागृहातल्या दोनशे आस्तिकांपैकी एकालाही ते खटकले नाही. का खटकावे? निष्कर्ष सगळ्यांना आवडता होता. निष्कर्ष आवडता असला की माणूस वाटेवरचे खड्डे पाहत नाही. ज्याला तिथे जायचेच नाही, तोच रस्ता नीट बघतो.

माझे सगळे म्हणणे एवढेच आहे. पण ते नुसते म्हणून सोडणार नाही, कारण उलट बाजूने जे म्हटले जाते तेही मला चांगले ठाऊक आहे : ईश्वराच्या बाबतीत बाहेरच्याला काय कळणार? ज्याने साधना केली नाही, ज्याचा विश्वासच नाही, त्याच्याकडून आम्ही शिकायचे?

होय. आपल्याच परंपरेत शिकले आहेत, आणि भरपूर शिकले आहेत.

न्यायसूत्रांत ईश्वराला जागा किती? चौथ्या अध्यायात तीन सूत्रे. त्यांतले नेमके कोणते मत सूत्रकाराचे आणि कोणते प्रतिपक्षाचे, यावरही टीकाकारांत एकमत नाही. पुढे सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमारास उद्योतकर थोडा पुढे गेला : परमाणू आणि कर्म जड आहेत, कुऱ्हाड सुताराशिवाय चालत नाही, तसे यांनाही चालवणारा चेतन हवा. ठीक. पण हे अजून दृष्टांताच्या पातळीवरचे बोलणे झाले. अनुमानाला धार चढवणारा माणूस अजून यायचा होता आणि तो ईश्वर मानणारा नव्हता.

सातव्या शतकातला धर्मकीर्ती, बौद्ध. त्याचा आक्षेप इतका साधा आहे की वाचताना हसू येते आणि मग बराच वेळ झोप येत नाही. तो म्हणतो, जगाची रचना पाहून तुम्ही रचनाकार काढता. पण 'रचना' हा शब्द दोन्हीकडे सारखा आहे म्हणून वस्तूही सारखी ठरते काय? धूर पाहून अग्नी काढता येतो. पण धूर करडा असतो म्हणून दिसेल त्या करड्या वस्तूवरून अग्नी काढाल काय? आणि पुढे : मडके मातीचा विकार आहे आणि ते कुंभार करतो, वारूळही मातीचाच विकार आहे, मग वारूळही कुंभाराने केले म्हणा!

मी लहानपणी नागपंचमीला आजीबरोबर गावाबाहेरच्या वारुळाला जात असे. लाह्या, दूध, हळदकुंकू. त्या वारुळाकडे पाहून 'हे कुणी केलं?' असे मी विचारल्याचे आठवत नाही. मडके पाहिले की 'कुणीतरी केले' ही बुद्धी आपोआप होते, वारूळ पाहून होत नाही. धर्मकीर्तीचे बोट नेमके या फरकावर आहे. पुढच्या वादात याला 'कृतबुद्धी' म्हणू लागले. पडकी विहीर पाहिली की ती खणणारा कधीही न पाहिलेला माणूसही 'ही खणलेली आहे' म्हणतो; डोंगर पाहून तसे म्हणत नाही. मग विहिरीवरून मिळालेला नियम डोंगराला कसा लावता?

या एका वारुळाने नैयायिकांची पुढची तीनचार शतके खाल्ली असे म्हटले तर फार अतिशयोक्ती होणार नाही. 'रचना' हा हेतू मागे पडत गेला आणि 'कार्यत्व', म्हणजे आधी नसून नंतर असणे, हा हेतू पुढे आला. कर्ता म्हणजे नेमके काय, हे बसून ठरवावे लागले. कर्ता म्हणजे हातपाय असलेला प्राणी नव्हे. ज्याला उपादानाचे प्रत्यक्ष ज्ञान आहे, करण्याची इच्छा आहे आणि ज्याच्या ठायी प्रयत्न आहे तो कर्ता. ज्ञान, चिकीर्षा, कृती. हे लक्षण कुणाला ध्यानात बसून सुचलेले नाही. 'कुंभाराला शरीर असते, मग तुमच्या ईश्वरालाही शरीर हवे. आणि शरीर हवे तर ते शरीर कुणी केले?' असे समोरचा विचारत होता, म्हणून लक्षणातून शरीर बाजूला काढावे लागले. रानात उगवलेल्या अंकुराला कुणी कर्ता दिसत नाही, हा उघड व्यभिचार नाही काय, असे विचारले गेले. म्हणून 'ज्याच्याबद्दल वाद चालू आहे तोच प्रतिदाखला म्हणून आणता येत नाही' हा मुद्दा घासून काढावा लागला. आज ज्याला आपण अभिमानाने 'न्यायाचा सूक्ष्म विचार' म्हणतो, त्यातल्या किती सांध्यांवर विरोधकाचा हात पडलेला आहे ते पाहावे.

आणि बाहेरचा म्हणजे फक्त बौद्ध नव्हे. कुमारिल भट्ट वेदाला प्राण मानणारा मीमांसक. पण सृष्टिकर्त्या ईश्वराची त्याने श्लोकवार्त्तिकात जी उलटतपासणी घेतली ती कुठल्याही नास्तिकाला लाजवील. सृष्टीच्या आधी प्रजापती कुठे होता, कोणत्या शरीराने होता? करुणेने जग केले म्हणता, तर करुणा करायला तेव्हा दुःखी होते कोण? आणि करुणेनेच केले तर ते असे दुःखाने भरलेले का केले? रामानुजाचार्य तर विष्णुभक्तीचे आचार्य. श्रीभाष्यात 'शास्त्रयोनित्वात्' या सूत्रावर त्यांनी ईश्वराचे अनुमान जवळपास बौद्ध ज्या हत्यारांनी मोडतात त्याच हत्यारांनी मोडून ठेवले आहे. ईश्वर शास्त्राने कळतो, तुमच्या घटपटाने नव्हे, हे त्यांना दाखवायचे होते. तेव्हा 'बाहेरचा' म्हणजे परधर्मी असे मी म्हणतच नाही. या युक्तिवादावाचून ज्याचे काही अडत नाही, तो बाहेरचा.

युरोपातले एक उदाहरण आठवते आणि ते इथे चपखल बसते. नॉर्मंडीतल्या बेकच्या मठातल्या अन्सेल्मने १०७७-७८च्या सुमारास ईश्वराच्या अस्तित्वाचा आपला प्रसिद्ध युक्तिवाद लिहिला. ज्याहून मोठे काही कल्पिता येत नाही तो ईश्वर. तो फक्त मनात असेल आणि वास्तवात नसेल, तर त्याहून मोठा कल्पिता येईल. म्हणून तो आहेच. बायबलच्या स्तोत्रांत 'देव नाही' असे मनात म्हणणारा जो मूर्ख आहे, त्याला हे उत्तर होते. यावर गौनिलो नावाच्या दुसऱ्या एका मठवासीयाने 'मूर्खाच्या वतीने' उत्तर लिहिले. म्हणाला, सर्व बेटांहून उत्तम अशा एका हरवलेल्या बेटाची मी कल्पना करतो. तुमच्या न्यायाने तेही असलेच पाहिजे, नाही का? गौनिलो काही नास्तिक नव्हता. पण मूर्खाची खुर्ची रिकामी आहे, तिच्यावर कुणीतरी बसायला हवे, हे त्याला समजले.

अन्सेल्मने काय करावे? त्याचा चरित्रकार ईडमर सांगतो की टीका वाचून त्याला आनंद झाला, टीकाकाराचे त्याने आभार मानले, उत्तर लिहिले, आणि यापुढे आपल्या ग्रंथाची प्रत कराल तेव्हा ही टीका आणि हे उत्तर त्याला जोडूनच करा, असे सांगून ठेवले. त्या उत्तरात 'जे नाही असे कल्पिताच येत नाही' या मुद्द्यावर त्याने जो भर दिला आहे, तोच धागा विसाव्या शतकात नॉर्मन माल्कमसारख्यांनी पुन्हा उचलला. बेट उत्तम असले तरी नसू शकते. मग जे नसूच शकत नाही, त्याचे काय? युक्तिवाद टिकतो की नाही हे सोडा. मला तो टिकतो असे वाटत नाही. पण बेटाच्या धक्क्यानंतर तो निदान काय म्हणतो आहे हे स्पष्ट झाले. आपल्या पुस्तकाच्या पाठीला आपलेच खंडन कायमचे शिवून ठेवणारा हा माणूस संतपदाला पोचला, आणि आपण पत्रिकेच्या तळाशी 'प्रश्नोत्तरे होणार नाहीत' छापतो.

आता इथे एक टाळी मिळवणारे उत्तर हमखास येते : 'आपल्याकडे तर पूर्वपक्षाची थोर परंपरा होती!' होती ना. फक्त ज्यांच्या तोंडी हे वाक्य मी ऐकतो त्यांच्याच हातात माईक असतो आणि तेच मागच्या रांगेतल्या माणसाला खाली बसवत असतात. आपल्याला पूर्वपक्ष हवा, पण मेलेला. हजार वर्षांपूर्वीचा, ज्याचा पराभव ग्रंथात आधीच छापून झालेला आहे असा. समोर उभा राहून 'माती कुठून आणली?' विचारणारा नको.

खरा पूर्वपक्ष कसा असतो त्याचा एक दाखला देतो. अकराव्या शतकातल्या विक्रमशीला विहारातला रत्नकीर्ती. त्याच्या प्रबंधाचे नावच 'ईश्वरसाधनदूषण'. खंडनाला हात घालण्याआधी तो नैयायिकांची बाजू इतकी तपशीलवार मांडतो, कोण काय म्हणाला ते इतके नीट वेगळे करतो, की वाचस्पती मिश्राचा गुरू त्रिलोचन याच्यासारख्या नैयायिकाचे, ज्याचे ग्रंथ आज हरवले आहेत, विचार अभ्यासकांना मुख्यतः अशा विरोधकांच्या पानांतून वेचावे लागतात. ईश्वर सिद्ध करणाऱ्याचे शब्द ईश्वर नाकारणाऱ्याने जपून ठेवले. आणि ती पानेही आपल्याकडे राहिली नाहीत. तिबेटमधल्या मठांत राहिली, आणि १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायनांनी खेचरांच्या वाटेने जाऊन त्यांची छायाचित्रे आणली म्हणून मिळाली. ज्यांना 'बाहेरचे' म्हणतो त्यांनी सांभाळले नसते, तर आपल्याच घरातली मंडळी आपल्याला ओळखू आली नसती.

याच घुसळणीतून उदयनाचार्यांची 'न्यायकुसुमांजली' निघाली. ईश्वरसिद्धीचा हा शिरोमणी ग्रंथ. त्याचे पाच स्तबक आहेत आणि पाचही पाच आक्षेपांना उत्तर म्हणून रचलेले आहेत. ईश्वराच्या बाजूची प्रमाणे, ती 'कार्य, आयोजन, धृती' वगैरे प्रसिद्ध मालिका, येते थेट पाचव्यात. आधीचे चार स्तबक कशात गेले? समोरच्याचे ऐकण्यात. 'ईश्वर दिसत नाही, म्हणून नाही' याला उदयनाचे उत्तर असे : न दिसण्यावरून नसणे तेव्हाच ठरते, जेव्हा ती वस्तू असती तर दिसण्याजोगी असती. टेबलावर मडके नाही हे न दिसण्यावरून ठरते, कारण मडके दिसण्याजोगे असते. हा भेद ईश्वरापुरता नाही. प्रयोगशाळेत, न्यायालयात, 'पुरावा नाही' असे जिथे जिथे म्हटले जाते तिथे सगळीकडे लागू आहे. हा विरोधकाने दिलेला दागिना आहे. आणि कोणताही नियम कायमचा संशयात धरणाऱ्याला तो सांगतो की संशयाची हद्द तुझ्या स्वतःच्या वागण्याशी येते. भूक लागल्यावर तू जेवतोसच ना? पुढे बाराव्या शतकात श्रीहर्षाने, जो अद्वैती होता, उदयनाचा तोच श्लोक घेऊन त्यातले थोडे शब्द बदलून त्याच्यावरच उलटवला. आणि मग श्रीहर्षाला उत्तर देताना गंगेशाने व्याप्ती आणि संशयाचा विचार आणखी बारीक केला. त्या तिघांत एकमेकांचे कुणी नव्हते असे म्हणायचे असेल तर म्हणा. मला तर ते एका बैठकीतले वाटतात.

उदयनाची एक आख्यायिका सगळ्यांना आवडते. जगन्नाथाच्या देवळाचे दार बंद. उदयन देवाला सुनावतो की आज ऐश्वर्याच्या मदात मला विचारत नाहीस, पण बौद्ध आले की तुझे असणे माझ्या हाती आहे! कीर्तनात हा प्रसंग रंगतो. पण कुसुमांजलीचा शेवट मात्र कीर्तनात कुणी सांगताना मी ऐकलेला नाही. तिथे उदयन देवाला विनवतो की ज्यांनी तुला नाकारण्यासाठी एवढे बुद्धिबळ वेचले, तेही उलट बाजूने का होईना, तुझेच उत्कट चिंतन करत होते. हे कारुणिका, योग्य वेळी त्यांनाही तूच तार. ज्यांच्याशी आयुष्यभर भांडला त्यांच्यासाठी ही प्रार्थना. मागच्या रांगेतल्या माणसाला 'आपण बसून घ्यावं' म्हणणाऱ्यांनी ती एकदा वाचावी.

एक आक्षेप मात्र मी हलका मानत नाही. बाहेरचे सगळेच काही धर्मकीर्ती नसतात. काहींच्या मागे सत्ता असते. १८३९ मध्ये जॉन म्यूर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने 'मतपरीक्षा' नावाचा संस्कृत ग्रंथ लिहून हिंदू मतांची परीक्षा घेतली, तेव्हा परीक्षक आणि परीक्षार्थी बरोबरीचे नव्हते. राज्य एकाचे होते. तरी सिहोरला असलेल्या सुबाजी बापू या मराठी पंडिताने त्याच वर्षी सोमनाथ या नावाने संस्कृतातच उत्तर दिले. अठरा वर्षांनी, १८५७ च्या पूर्वार्धात, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकिनारी मिशनऱ्यांशी जाहीर वाद करत होते, आणि त्या वादांची दोन्ही बाजूंनी पुस्तके निघाली. गुलाम देशातल्या माणसांनी वाळूत उभे राहून जे केले ते स्वतंत्र देशात वातानुकूलित सभागृहात आपल्याला झेपत नाही.

धोका आहे, हेही कबूल. मूळचा कोकणस्थ घराण्यातला, काशीत वाढलेला नीळकंठ गोरे म्यूरच्या खंडनासाठी 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' लिहायला बसला तो विशीच्या आतबाहेर. १८४८ मध्ये तो स्वतःच ख्रिस्ती झाला. पुढे नेहेमिया गोरे म्हणून त्याने 'षड्दर्शनदर्पण' लिहिले आणि आपल्याच जुन्या घराच्या भिंती ठोकून पाहिल्या. तेव्हा बाहेरच्याशी बोलताना आपण बदलू शकतो, ही भीती खोटी नाही. पण ज्याला ही भीती टाळायची आहे त्याने भक्ती करावी, युक्तिवाद करू नये. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. वारकरी विठ्ठलाला अनुमानाने सिद्ध करून मग पंढरीला निघत नाही, आणि त्याचे काही अडत नाही. 'मला अनुभव आहे' असे म्हणणाऱ्यापुढे मी हात जोडतो. पण 'तर्काने सिद्ध होते' असे म्हणालात की तुम्ही नाणे बाजारात आणलेत. मग ते वाजवून घेण्याचा हक्क चारचौघांना आहे. नाणे मांडायचे फळीवर आणि कुणी वाजवू लागला की 'हे देवघर आहे' म्हणायचे, ही लबाडी झाली.

आणि वाजवू दिले नाही तर काय होते ते रोज मोबाइलवर दिसते. ती न्हाव्याची गोष्ट तुम्हालाही दहा वेळा आली असेल. देव असता तर जगात दुःख नसते, असे न्हावी म्हणतो. गिऱ्हाईक रस्त्यावरचा जटाधारी दाखवून म्हणते, मग न्हावीही नाहीत! खाली शंभर हात जोडलेले. कुणी एवढेही विचारत नाही की न्हावी काही सर्वव्यापी नाही आणि सर्वशक्तिमानही नाही, तो दुकानात बसून असतो. देवाची तुलना त्याच्याशी करून तुम्ही देवाला वाचवलेत की कापलेत? धर्मकीर्तीला ज्यांनी तोंड दिले त्यांचे वारस म्हणवतो आपण, आणि आपला युक्तिवाद न्हाव्याच्या खुर्चीत बसला आहे. घड्याळ आणि घड्याळजी हाही असाच. पेलीने तो १८०२ मध्ये गाजवला, पण 'एकच कारागीर कशावरून, कच्चा शिकाऊ कशावरून नाही' हे ह्यूमचे प्रश्न १७७९ मध्येच छापून झाले होते. घड्याळ फॉरवर्ड होते, प्रश्न होत नाहीत.

हा रोग आस्तिकांपुरता आहे असेही कुणी समजू नये. एका विवेकवादी मंडळाच्या बैठकीला मी दोनतीनदा गेलो आहे. तिथला हुकमी एक्का : 'सगळ्याला कर्ता हवा, तर देवाला कुणी केले?' टाळी, चहा. मी म्हणालो, नैयायिक 'सगळ्याला' म्हणतच नाही. तो 'कार्याला' म्हणतो, आणि ईश्वर कार्य नाही असे त्याचे म्हणणे आहे. तुम्हाला खोडायचे असेल तर नित्य वस्तूपासून कधी कार्य होते आणि कधी होत नाही हे कसे, असे विचारा. धर्मकीर्तीने तेच विचारले होते आणि ते फार अवघड आहे. एक तरुण वही काढून लिहून घेऊ लागला. बाकीच्यांनी माझ्याकडे हेर पाहावा तसे पाहिले. तिथेही एक मागची रांग आहे आणि त्या दिवशी तिच्यात मी होतो.

असो. व्याख्यानानंतर आठवड्याने मी त्या गृहस्थांचा पत्ता काढून त्यांच्या घरी गेलो. "या सर, बसा," एवढेच म्हणाले. रागही नाही, कौतुकही नाही. मी सांगितले की माती परमाणूंची, आणि शून्य हा माझा दोष. एकच कर्ता का, याला नैयायिकांचे उत्तर लाघवाचे आहे : एकाने भागत असेल तर अनेक का मानावे? ते म्हणाले, "धरणावर मी पण तेच म्हणायचो. एक माणूस पुरेल तिथं चार का? पण सर, पुरेल म्हणजे आहे असं होत नाही." मला उत्तर सुचले नाही. चहा झाला. त्यानंतर आम्ही महिन्यातून एकदा बसतो. ते देव मानत नाहीत आणि मी मानतो. यात तसूभर फरक पडलेला नाही. पण माझ्या टिपणवहीतली निम्मी पाने आता खोडलेली आहेत, आणि उरलेली निम्मी मी आता कुठेही उभा राहून म्हणू शकतो.

'उत्तरार्धा'च्या व्याख्यानात मी मुख्यतः त्यांच्या त्या एका वाक्यावर बोलणार होतो. लाघव हे सत्याचे लक्षण आहे की नुसती आपली सोय? त्यावर माझ्याकडे पाऊण तासाचे बोलणे आहे आणि त्याचे शेवटचे दहा मिनिटांचे उत्तर अजून माझे मलाच पटलेले नाही. ते मला त्यांच्यासमोर वाजवून घ्यायचे होते.

संयोजकांना मी कळवले आहे की ती ओळ काढा, व्याख्यान चाळीस मिनिटांचे करा, पुढचा अर्धा तास प्रश्नांना ठेवा, आणि त्या गृहस्थांना पत्रिका पाठवा. नसेल जमत तर माझे नाव काढा, नारळ वाचेल. निरोपाखाली दोन निळ्या खुणा उमटून आज अकरा दिवस झाले.